प्रेताचा पासपोर्ट

पकून नावाच्या आयरिश खेड्यात एक पब आहे. आयर्लंडची फाळणी होते, नकाशावर रेघ ओढली जाते आणि ती नेमकी या पबमधून जाते. जवळजवळ सगळा पब एका देशात राहतो, एक कोपरा मात्र दुसऱ्या देशात पडतो. त्या देशात कर कमी, म्हणून त्या कोपऱ्यात दारू स्वस्त. व्हायचं तेच होतं. सगळं गाव त्या एका कोपऱ्यात खांद्याला खांदा घासत उभं राहून पितं आणि उरलेला पब ओस पडतो.

रेघ तिथंच थांबत नाही. ती चर्चच्या आवारात शिरते. चर्च या देशात, कबरस्तानाचा तुकडा त्या देशात. गावातलं कोणी मेलं की शवपेटी चार पावलांवरच्या खड्ड्याकडे निघते आणि मध्येच कस्टमचा माणूस हात आडवा घालतो. परदेशात चाललाय ना हा गृहस्थ? मग याचा पासपोर्ट कुठाय?

हा मामला १९६३ साली छापून आलेल्या ‘पकून’ या इंग्रजी कादंबरीतला. लेखक स्पाइक मिलिगन. तोवर ब्रिटनमधले लोक त्याला ओळखायचे ते रेडिओवर धुमाकूळ घालणारा विनोदवीर म्हणून. कादंबरी त्याची पहिलीच. राहायला लंडनमध्ये, कागदोपत्री नागरिक आयर्लंडचा, आणि जन्म १६ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा. आताच्या अहिल्यानगरचा.

नगरबद्दल कुणाला विचारलं तर निजामशाहीचा किल्ला निघतो, त्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी लिहिलेला ग्रंथ निघतो, रणगाड्यांचं संग्रहालय निघतं. डोंगरावरचा चांदबीबीचा महालही निघतो, जो महाल नव्हेच, सलाबतखानाची कबर आहे. मिलिगनचं नाव सहसा निघत नाही. खरं तर त्यात नवल नाही. छावणीत जन्मलेली गोऱ्या शिपायांची पोरं गावाची कधी होत नसत. बदलीचा हुकूम आला की ट्रंका भरायच्या आणि निघायचं. पण ‘पकून’ वाचताना मला राहून राहून वाटतं, की प्रेताला पासपोर्ट मागणारा विनोद सुचायला माणूस असाच कुठल्या तरी छावणीत जन्मलेला असावा लागतो. ज्याला स्वतःचं गाव पक्कं माहीत आहे, त्याला सरहद्दीचा राग येईल, दुःख होईल. हसू येणं जरा अवघड.

त्याचं पाळण्यातलं नाव टेरेन्स ॲलन. वडील लिओ मिलिगन मूळचे आयर्लंडमधल्या स्लायगोचे, नोकरी ब्रिटिश तोफखान्यात. आई फ्लॉरेन्स इंग्रज. वडिलांना नाटकाचं आणि त्याहून जास्त काऊबॉयगिरीचं वेड. पलटणीच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत ते स्वतः उभे राहायचे, आणि घरी फुशारकीच्या गोष्टी सांगायचे. मोठेपणी मुलानं एकदा विचारलं, तुम्ही वाघ मारल्याचं सांगायचात ते खरं होतं का? त्यावर बापाचा उलटा सवाल: तुला कंटाळवाणं खरं हवं होतं की मजेदार खोटं? हा किस्सा मिलिगन आयुष्यभर सांगत राहिला. तो किस्साही या दोहोंपैकी कुठल्या वर्गातला, ते विचारायचं नाही.

बालपण गेलं पुण्याच्या कॅम्पात. घरात नोकरचाकर, आया, कानावर पडणारी हिंदुस्तानी, आणि शाळा कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी. या शाळेत नाताळच्या दिवसांत येशूजन्माचं नाटक बसवलं होतं. त्यात त्याला विदूषकाचं काम मिळालं, तोंडाला निळा रंग फासून. शेवटच्या प्रवेशात सगळी पात्रं गव्हाणीतल्या बाळाभोवती जमणार होती. विदूषकानं मात्र तिथं यायचं नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. पोराला ते पटलं नाही. पडदा वर जायच्या वेळी तो घुसला आणि गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपलं रंगभूमीवरचं पहिलं पाऊल म्हणून तो हीच आठवण सांगायचा. त्याच्या पुढच्या पन्नाससाठ वर्षांची कारकीर्द बघितली तर तो एवढंच करत आला असं म्हणता येईल: विदूषकाला जिथं मज्जाव आहे तिथं निळं तोंड घेऊन जाऊन उभं राहणं.

पुण्यानंतर रंगून. मग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यातली नोकरी संपली आणि कुटुंब लंडनला आलं. ‘परत’ आलं असं लिहिणार होतो, पण मुलगा तिथं पूर्वी राहिलाच नव्हता. साहेबाचा पोरगा म्हणून वाढलेला मुलगा आग्नेय लंडनच्या गरीब वस्तीत, थंडीत, धुक्यात येऊन पडला. बापाला काम मिळताना मारामार. शाळा लवकर सुटली, कारकुनी आणि किरकोळ नोकऱ्या झाल्या. जीव रमला तो जॅझमध्ये. ट्रम्पेट शिकला, गिटार शिकला, बँडमध्ये वाजवू लागला. ‘स्पाइक’ हे नावही त्यानं पुढे रेडिओवर ऐकलेल्या स्पाइक जोन्सच्या बँडवरून उचललं. नाव अमेरिकन, बाप आयरिश, आई इंग्रज, जन्म नगरचा.

१९४० मध्ये त्याला सैन्यात बोलावणं आलं. बापासारखाच तोही तोफखान्यात गेला. सुरुवातीची वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिल या गावी शत्रूची वाट बघण्यात गेली. १९४३ मध्ये तुकडी उत्तर आफ्रिकेत उतरली. गंमत बघा, त्या वेळी नेहरू नगरच्या किल्ल्यात ब्रिटिशांचे कैदी होते आणि नगरात जन्मलेला हा शिपाई ब्रिटिशांसाठी आफ्रिकेत टेलिफोनच्या तारा ओढत होता.

तिथंच तो प्रसिद्ध प्रसंग घडला. कड्यावर एक अवजड हॉवित्झर लावली होती, पण नीट रोवली नव्हती. गोळा सुटताच धक्क्यानं ती मागे सरकली आणि गडगडत खाली गेली. खाली एका ट्रकमध्ये दुसऱ्या रेजिमेंटचे लोक बसले होते, त्यांच्या अगदी जवळून. थोड्या वेळानं ट्रकचा पडदा बाजूला सारून एक डोकं आत आलं आणि विचारू लागलं, कुणी इथं तोफ पाहिलीत का? आतल्या एका वेल्श जवानानं विचारलं, कुठल्या रंगाची? विचारणारा मिलिगन, उत्तर देणारा हॅरी सिकम. पुढे दोघांनी मिळून ब्रिटनला नऊ वर्षं हसवलं. त्या नऊ वर्षांतल्या विनोदाची चाल या दोन वाक्यांत आलेली आहे. तोफ हरवणं ही भयंकर गोष्ट. पण चौकशी करायची ती छत्री हरवल्यासारखी, कारण सैन्यात हरवलेल्या वस्तूची चौकशी करायची हीच रीत.

जानेवारी १९४४. इटलीत मॉन्टे कॅसिनोच्या लढाईच्या सुमारास डोंगरावरच्या टेहळणी ठाण्याकडे सामान घेऊन चढताना तोफगोळा जवळ फुटला. पायाला जखम झाली. ती भरली, पण आतलं काहीतरी मोडलं. हात थरथरू लागले, बोलताना अडखळायला लागलं, मध्येच रडू फुटायचं. वरिष्ठानं त्याला भित्रा ठरवून बाहीवरची फीत काढून घेतली. तोफखान्यातला मिलिगन तिथं संपला. पुढची लष्करी वर्षं सैनिकांसाठी होणाऱ्या करमणुकीच्या कार्यक्रमांत गिटार वाजवत गेली. मनाचा तो आजार मात्र पुढे आयुष्यभर राहिला: महिनोन्‌महिने उधाण, मग अंधार, मग इस्पितळ.

युद्ध संपल्यावर लंडनमध्ये व्हिक्टोरिया भागातल्या ग्राफ्टन आर्म्स नावाच्या पबमध्ये हे बेकार विनोदवीर जमू लागले. मिलिगन, सिकम, पीटर सेलर्स, मायकल बेंटिन. पबचा मालक जिमी ग्राफ्टन स्वतः रेडिओसाठी लिहायचा. त्या टोळक्यातून उभा राहिला ‘द गून शो’. पहिला भाग २८ मे १९५१ ला बीबीसीवर गेला, शेवटचा २८ जानेवारी १९६० ला. सुरुवातीला बीबीसीला ‘गून’ हा शब्दच उमगेना, म्हणून कार्यक्रमाचं नाव ‘क्रेझी पीपल’ ठेवलं. एका अधिकाऱ्यानं म्हणे विचारलं होतं, हा ‘गो ऑन’ शो काय प्रकार आहे?

आपल्याकडे श्रुतिका ऐकत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको: रेडिओवर नेपथ्याला खर्च येत नाही. दार करकरलं की वाडा उभा राहतो. पण बहुतेक लेखक या सवलतीचा वापर खऱ्यासारखं काही उभं करायला करतात. मिलिगननं उलट केलं. जे डोळ्यांना दाखवणं शक्यच नाही, ते कानांना का ऐकवू नये? १९५५ मधला ‘नेपोलियन्स पियानो’ हा भाग घ्या. नेडी सीगून नावाच्या पात्राला एक काम मिळतं. एका खोलीतला पियानो दुसऱ्या खोलीत हलवायचा, मजुरी पाच पौंड. तो खुशीनं करारावर सही करतो. मग कळतं, की एक खोली इंग्लंडमध्ये आहे आणि दुसरी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. पण करार तो करार. मग तो पियानो समुद्रात लोटून, त्याच्यावर बसून, इंग्लिश खाडी ओलांडून आणण्याखेरीज इलाज काय? हे चित्रपटात दाखवायला गेलात तर खोटं दिसेल. रेडिओवर पाण्याचा चुबुकचुबुक आवाज आणि मध्येच पियानोचा एखादा स्वर, एवढ्यात काम होतं.

त्या आवाजांसाठी तो तंत्रज्ञांचा जीव खायचा. त्या काळी बीबीसीत आवाज म्हणजे दारावरची थाप, घोड्यांच्या टापा, खडीवरची पावलं. याला स्फोट हवे असायचे, पण असे, की ऐकणाऱ्याला स्फोटाचा स्वभाव कळावा. एकदा त्याला एखादी लिबलिबीत वस्तू जोरात आदळल्याचा आवाज हवा होता. तो बीबीसीच्या कँटीनमध्ये गेला, तिथल्या बाईंकडून कस्टर्ड करवून घेतलं, आपले पायमोजे काढून त्यात ते ओतलं आणि स्टुडिओत आणून फळीवर हाणलं. आवाज मनासारखा आला नाही. मोजे गेले, कस्टर्ड गेलं, आणि कँटीनच्या बाईंना आपल्या हातच्या पदार्थाचं पुढे काय झालं ते पाहायला मिळालं.

बेक्सहिलला काढलेल्या दिवसांवरून त्यानं अंधारात लोकांवर खीर फेकून मारणाऱ्या एका अज्ञात इसमाचा भाग लिहिला. खीर म्हणजे ती भट्टीत भाजलेली पिठाची ‘बॅटर पुडिंग’. आपल्या खिरीपेक्षा ती चांगलीच लागत असणार. हिंदुस्थानातल्या छावण्यांतून आलेला लबाड, भित्रा मेजर ब्लडनॉक हे पात्र त्यानं केलं. लालकाका आणि बॅनर्जी नावाचे दोन हिंदी बाबूही केले, जे कुठल्याही गंभीर प्रसंगी आपापसांत अखंड बोलत बसतात. साम्राज्याची मस्करी आणि साम्राज्याच्या नोकराची मस्करी यांच्यात तो फारसा फरक करत नसे. आज लालकाका-बॅनर्जी ऐकताना हसू येतं आणि जरा अवघडल्यासारखंही होतं. यातलं कुठलंही एक नाकारण्यात अर्थ नाही.

अशा संहिता किती लिहायच्या? नऊ वर्षांत दोनशेहून जास्त भाग झाले. लॅरी स्टीव्हन्स, एरिक साइक्स अशा सहलेखकांची मदत असायची, पण मुख्य बोजा मिलिगनवर. १९५२ च्या अखेरीला तो बोजा असह्य झाला. त्याच्या डोक्यानं घेतलं, की सेलर्सला मारल्याशिवाय सुटका नाही. बटाटे सोलायचं साधन हातात घेऊन तो शेजारी राहणाऱ्या सेलर्सकडे निघाला. त्याला अडवलं, मनोरुग्णांच्या इस्पितळात दाखल केलं. काही आठवड्यांत तो पुन्हा लिहू लागला, इस्पितळातूनच. पुढे तो म्हणायचा, की गून शोनं आपलं लग्न आणि तब्येत दोन्ही मोडलं. नव्वदीच्या दशकात अँथनी क्लेअर या आयरिश मनोविकारतज्ज्ञाबरोबर त्यानं आपल्या आजारावर पुस्तकच लिहिलं. नामवंत माणसानं उन्मादाबद्दल आणि नैराश्याबद्दल इतकं उघड बोलणं तोवर ब्रिटनमध्ये रुळलेलं नव्हतं.

गून शोच्या धामधुमीतच, १९५८ मध्ये, ‘पकून’ सुरू झालं. चार वर्षं ते रखडत राहिलं. काही भाग लिहिला ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या उत्तरेला वॉय वॉय नावाच्या गावी, कारण आईवडील आता तिकडे जाऊन राहिले होते. म्हणजे आयर्लंडच्या खेड्यावरची ही कादंबरी नगरच्या माणसानं ऑस्ट्रेलियात बसून लिहिली, आणि आयर्लंडची त्याची ओळख मुख्यतः बापाच्या गोष्टींमधून. मजेदार खोटं हाच काय तो कच्चा माल.

कादंबरीच्या मुळाशी असलेला इतिहास मात्र कंटाळवाण्या खऱ्यातला आहे. १९२० च्या कायद्यानं आयर्लंडचे दोन भाग झाले, उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. १९२१ च्या तहात ठरलं, की नेमकी सरहद्द एक आयोग ठरवेल. आयोग बसला १९२४ मध्ये, अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेतले न्यायाधीश रिचर्ड फीटम. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्यांच्या शिफारशी एका लंडनच्या वर्तमानपत्रात फुटल्या, गदारोळ झाला, अहवाल गुंडाळून ठेवला गेला आणि परगण्यांच्या जुन्या हद्दी हीच कायमची सरहद्द झाली. त्या हद्दी देश वेगळे करायला आखलेल्याच नव्हत्या. शेतं कापली गेली, रस्ते आत-बाहेर होऊ लागले. पेटिगो नावाचं गाव तर खरोखरच दोन देशांत आहे, मधून एक लहानशी नदी वाहते.

मिलिगनच्या आयोगात हा सगळा गंभीर व्यवहार एका टेबलाभोवती उरकला जातो. वाद मिटत नाही आणि पब बंद व्हायची वेळ जवळ येते. तोडगा निघतो: सगळ्यांनी मिळून एकच पेन्सिल धरायची आणि रेघ ओढायची. ओढता ओढता प्रत्येक जण आपल्या बाजूला जमीन मिळावी म्हणून हळूच हिसका देतो. त्या हिसक्यांपैकी एकात पकून सापडतं. सरहद्द वाकडी का असते, याचं इतकं सोपं आणि इतकं पटणारं स्पष्टीकरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मंटोची ‘टोबा टेकसिंग’ वाचलेल्याला हे ओळखीचं वाटेल. वेड्यांच्या अदलाबदलीत मंटोचा माणूस शेवटी दोन कुंपणांच्या मधल्या जमिनीवर कोसळतो. मिलिगनकडे कोसळण्याची जागा कबरस्तानातच आहे, फक्त आधी शिक्का मारून घ्यायचा.

कादंबरीचा नायक डॅन मिलिगन. आडनाव लेखकाचंच. आळशी, बायकोच्या धाकातला, चर्चच्या आवारातलं गवत कापायच्या कामावर ठेवलेला. पहिल्याच पानांत तो आपल्या पायांकडे बघतो आणि हबकतो. असले काटकुळे पाय? तो थेट लेखकाला हाक मारतो आणि जाब विचारतो. लेखक त्याची समजूत घालतो, की कथानक वाढेल तसे पायही भरतील. मग अधूनमधून, भलत्याच प्रसंगी, डॅन पायांची प्रगती तपासत राहतो आणि लेखकानं शब्द पाळला नाही म्हणून कुरकुरतो.

पात्रानं लेखकाशी भांडणं ही आयर्लंडच्या साहित्यात नवी गोष्ट नव्हे. फ्लॅन ओब्रायननं १९३९ मधल्या कादंबरीत पात्रांना लेखकाविरुद्ध बंडच करायला लावलं होतं. पण ओब्रायन हा वाचनातून आलेला लेखक, त्याचा खेळ पुस्तकांशी आहे. मिलिगन आला आवाजातून. रेडिओवर पात्राला शरीर नसतं; जो काही देह आहे तो ऐकणारा देतो. डॅनला कागदावर आल्या आल्या प्रश्न पडतो, मला पाय आहेत का, असले तर कसे? हा मला पुस्तकी खेळ वाटत नाही. वर्षानुवर्षं बिनपायांची पात्रं चालवलेल्या माणसाला कादंबरी लिहायला बसल्यावर सगळ्यात आधी हीच अडचण आली असणार, आणि त्यानं ती लपवण्याऐवजी पात्राच्या तोंडी दिली.

कादंबरी म्हणून ‘पकून’ ढिसाळ आहे, हे सांगून टाकायला हवं. कथानक मध्येच बसकण मारतं. शवपेटीतून स्फोटकं नेण्याचा बेत, फादर रडनची धावपळ, कुंपणाच्या दोन्ही बाजूंचे शिपाई यांची मोट शेवटी धड बांधली जात नाही. गावात एक चिनी पोलीस आहे, त्याच्या नावापासून सगळे विनोद आज शिळे झालेत. आयरिश माणूस म्हणजे आळशी, दारुडा आणि गोड, हा इंग्रजी रंगभूमीवरचा जुना साचाही त्यानं सर्रास वापरला. पण वाक्या-वाक्यांत जे घडतं ते अस्सल आहे. निसर्गाचं सुंदर, जवळजवळ कवितेसारखं वर्णन सुरू होतं, वाचक सैलावतो, आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दाला पायाखालची फळी काढली जाते. १९८७ मध्ये त्यानं ‘द लूनी’ ही आणखी एक आयरिश कादंबरी लिहिली. तीत फळ्या काढणं चालू आहे, पण वरती कुणी उभंच नाही.

‘पकून’ पुरं होत असतानाच त्याच्या स्वतःच्या पासपोर्टचं प्रकरण उपटलं. ब्रिटनचे नागरिकत्वाचे कायदे बदलले होते. हिंदुस्थानात जन्म, बाप आयरिश. त्याच्या ब्रिटिशपणाचं खातं संशयात गेलं. राणीशी निष्ठेची शपथ घे म्हणजे काम होईल, असं त्याला सांगण्यात आलं. सहा वर्षं सैन्यात काढलेल्या, कॅसिनोला मोडलेल्या माणसाला. त्यानं नकार दिला आणि १९६२ मध्ये बापाच्या जन्माच्या आधारावर आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. पुढे ब्रिटननं त्याला नाइट केलं तेव्हा ते मानद नाइटपद होतं, परक्या देशाच्या नागरिकाला देतात तसलं. नावाआधी ‘सर’ लावता येणार नाही असलं.

कादंबरीकार म्हणून त्याचं खरं काम ‘पकून’नंतरचं आहे असं माझं मत, आणि ते काम कादंबरी म्हणून छापलेलंच नाही. १९७१ मध्ये त्यानं युद्धाच्या आठवणींचा पहिला खंड काढला. नाव ‘ॲडॉल्फ हिटलर: माय पार्ट इन हिज डाउनफॉल’, म्हणजे हिटलरच्या पतनातला माझा वाटा. अशा सात खंडांची मालिका १९९१ पर्यंत चालली. खरी रोजनिशी, खरी छायाचित्रं, आणि मध्येच हिटलर आणि गोरिंग यांचे बनावट संवाद. सुरुवातीला वाटतं, गून शोच चालू आहे. इटलीच्या खंडापर्यंत विनोद पातळ होत जातो. तोफगोळ्याच्या प्रसंगाशी तर तो थांबतोच. त्या पानांवर त्यानं वाचकाला हसवायचा प्रयत्न केलेला नाही. मेलेल्या सोबत्यांची नावं मात्र तो विसरत नाही, तारीख-वारासकट देतो.

इतर गोष्टी भराभर सांगतो, कारण त्यानं फार काही केलं. १९५९ पासून लहान मुलांसाठी निरर्थक गंमतगाणी लिहिली, ती अजून ब्रिटनच्या शाळांत म्हटली जातात. जॉन अँट्रोबसबरोबर ‘द बेड-सिटिंग रूम’ हे अणुयुद्धानंतरचं नाटक लिहिलं, त्यात एक उमराव हळूहळू भाड्याची खोली बनतो. १९६४ मध्ये लंडनला ‘ओब्लोमोव्ह’ या रशियन कादंबरीच्या गंभीर रूपांतरात काम करताना प्रयोग पडला, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून संहिता बाजूला ठेवून तो मनचं बोलू लागला, ते नाटक धो धो चाललं. बीटल्सना हाताशी घेण्याआधी रेकॉर्ड-निर्माता जॉर्ज मार्टिननं त्याची ध्वनिमुद्रणं केली होती, आणि हे कळल्यामुळे त्या चौघांना मार्टिनबद्दल आदर वाटला होता. १९६९ च्या वसंतात ‘क्यू फाइव्ह’ ही त्याची दूरदर्शन मालिका आली. विनोदी प्रवेशाला शेवटी ठसका असलाच पाहिजे हा नियम त्यानं तिच्यात मोडला. ‘माँटी पायथन’ची मंडळी तेव्हा आपल्या मालिकेची जुळवाजुळव करत होती. ते बघून त्यांना घाम फुटला, आपण जे करणार होतो ते या माणसानं आधीच केलं म्हणून.

त्याच वर्षाअखेरीस ‘करी अँड चिप्स’ ही मालिका आली. लेखक जॉनी स्पाइट, आणि मिलिगन चेहऱ्याला तपकिरी रंग फासून अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार झाला होता. सहा भागांनंतर नियामक मंडळानं ती बंद पाडली. हेतू वर्णद्वेषाची टर उडवण्याचा होता, असं तो आणि स्पाइट म्हणत राहिले. पुण्याच्या शाळेतलं निळं तोंड आणि हे तपकिरी तोंड, दोन्ही त्याचीच. पण पहिल्यात तो मज्जाव असलेल्या जागी घुसला होता. दुसऱ्यात तो अशा लोकांच्या जागी उभा राहिला, ज्यांना त्या स्टुडिओत खुद्द यायला मज्जाव होता. हा फरक त्याच्या ध्यानात आला असं दिसत नाही.

मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ ला ससेक्समधल्या राहत्या घरी गेला, ८३ वर्षांचा होऊन. त्याच सुमारास ‘पकून’वरचा चित्रपट तयार झाला. डॅन मिलिगनची भूमिका केली शॉन ह्यूजनं. हाही आयरिश विनोदवीर, १९९० मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात पेरिए पारितोषिक मिळवलेला, आणि त्यानंही पुढे कादंबऱ्या लिहिलेल्या. पडद्यावर ज्या लेखकाशी तो पायांवरून भांडतो, त्या लेखकाचा आवाज रिचर्ड ॲटनबरोचा आहे. ह्यूजचे पाय पडद्यावर स्पष्ट दिसतात, त्यामुळे विनोद निम्मा होतो.

मिलिगनचं दफन झालं विंचेल्सी गावातल्या सेंट थॉमस चर्चच्या आवारात. शवपेटीवर आयर्लंडचा झेंडा होता. थडग्यावर काय लिहायचं ते त्यानं बरंच आधी ठरवून ठेवलं होतं: तुम्हाला सांगत होतो ना, मी आजारी आहे म्हणून. चर्चच्या अधिकाऱ्यांना हे काही पवित्र जागेला शोभणारं वाटेना. मजकुरावर वाटाघाटी चालल्या आणि दोन वर्षं थडगं बिनदगडाचं राहिलं. शेवटी तोडगा निघाला. तेच वाक्य आयरिश भाषेत लिहिलं तर चालेल, असं ठरलं. २००४ मध्ये दगड बसला. ‘दूर्ट मे लॅत गो रेव मे ब्रोत्या’ असा काहीसा त्याचा उच्चार. विंचेल्सीला येणाऱ्या बहुतेकांना ते वाचता येत नाही.